‘अभिलेख आढळून येत नाही’

सांगवीत आमच्या आळीत एक नाना राहतात. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण स्मरण खणखणीत. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले, पिशवीतून घड्यांवर फाटलेला सातबारा काढला आणि म्हणाले, “स्टोअरवाले, तुम्ही जुने कागद वाचता म्हणे. मग एवढं सांगा, आमची जमीन सरकारात गेली तेव्हा पैसे कुणी उचलले?”

नानांचे मूळ गाव पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातले. साठच्या दशकात त्यांच्या आजोबांच्या नावची जमीन संपादित झाली. तेव्हापासून घरात एकच गोष्ट सांगितली जायची : थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, मोबदल्याची सगळी रक्कम परस्पर उचलली आणि नानांच्या वडिलांच्या हातावर एक पैसाही पडला नाही. त्या गोष्टीवरून दोन घरांचे येणे-जाणे तुटले. लग्नाच्या पत्रिका थांबल्या, मयतीलाही कोणी कोणाकडे गेले नाही. पुढे आबा गेले, नानांचे वडील गेले. गोष्ट मात्र राहिली.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे स्टोअर सांभाळले. मोडी सुटीच्या दिवशीच्या वर्गात शिकलो, बाकीचे वाचत आणि चुकत. नानांच्या प्रश्नासाठी मी माहितीचा अधिकार वापरला. बातम्यांमध्ये हा कायदा भेटतो तो घोटाळे उघडकीला आणणारा म्हणून. इतिहासाच्या माणसाचे त्याच्याशी नाते थोडे निराळे आहे. त्याला कोणाला पकडायचे नसते. त्याला पाहायचे असते. पाहण्याचा हक्क त्याला मिळाला आहे, पण ज्यावर हा हक्क चालवायचा तो कागद जागेवर असतोच असे नाही. या लेखाचा विषय ही अडचण आहे.

दप्तर कोणाचे?

सरकारी कागद कोणी पाहावा, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. ते सांभाळले गेले ते कारभाराच्या गरजेपोटी. कोणत्या गावाचा वसूल किती, कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे बनावट, हे त्या रुमालांतूनच ठरायचे होते. १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाल्यावर तर दप्तरातल्या एका नोंदीवर एखाद्या घराण्याचे उत्पन्न टिकू किंवा जाऊ शकत होते. सरकारकडे सगळे दप्तर, आणि इनामदाराकडे घरातली एखादी सनद. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात कागदाचे असे अंतर होते.

अभ्यासकांसाठी या दप्तराचे दार फार काळ किलकिलेच राहिले. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातल्या रोजनिश्यांतून निवडक उतारे काढले, न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्या रोजनिश्यांवर प्रस्तावनापर निबंध लिहिला. पण कोणीही जावे आणि रुमाल सोडून बसावे, अशी ती जागा नव्हती. म्हणून आपल्या इतिहासकारांची भिस्त राहिली खासगी दप्तरांवर. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतले कागद मिळवत राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही कागद जमवण्याच्या याच ध्यासातून.

सरकारने पेशवे दप्तर नीट धुंडाळून छापण्याचे काम अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे दिले. १९३० ते १९३४ या काळात त्यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन कामशेतला राहत होते. दापोडी स्टेशनवर लोणावळा लोकल पकडली की तासाभरात आपण त्या गावी पोहोचतो. त्या खंडांचे ऋण मराठी इतिहासावर मोठे आहे. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : दार उघडले ते सरकारने निवडलेल्या माणसासाठी. सरदेसाईंना परवानगी मिळाली होती. परवानगी देणाऱ्याला ती नाकारताही येते.

परवानगीकडून हक्काकडे

इंग्रजी अमदानीत कागदाची नक्कल मिळत नव्हती असे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ७६ नुसार ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्याची प्रमाणित नक्कल फी भरून घेता येत असे. अडचण त्या ‘हक्क आहे’ या शब्दांत होती. सातबाऱ्याची नक्कल तलाठी देई. पण त्या सातबाऱ्यावरचे नाव ज्या फायलीमुळे बदलले, ती फाईल साहेबाच्या कपाटात राही. वर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा होताच. स्वातंत्र्य आले तरी तो गेला नाही.

सार्वजनिक अधिकाऱ्यांनी सार्वजनिक रीतीने काय केले हे जाणण्याचा लोकांना अधिकार आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात मांडले. ते गावापर्यंत नेले राजस्थानातल्या मजूर-शेतकऱ्यांनी. मजुरीचे हजेरीपट आम्हाला दाखवा, या मागणीसाठी मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. माहितीच्या अधिकाराचा उगम एका हजेरीपटात आहे, हे मला स्टोअरकीपर म्हणून फार जवळचे वाटते. १९९७ मध्ये तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी कायदे केले. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा इतका लेचापेचा होता की त्याविरुद्धच आंदोलन करावे लागले. अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर नवा कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २००३ मध्ये मिळाली आणि तो २३ सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला. केंद्राच्या कायद्याने पुढे बरेच काही या कायद्यातून उचलले.

केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात शाहिद रझा बर्नी यांनी दिलेला अर्ज देशातला पहिला अर्ज मानला जातो. प्रकाश कर्दळे यांच्यासारख्या पत्रकाराने त्याआधीपासूनच पुण्यात लोकांना अर्ज लिहायला शिकवले होते. २००९ मध्ये महेश झगडे आयुक्त असताना पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात अर्जाशिवाय फायली पाहण्याची सोय केली. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती पद्धत जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लावली.

या कायद्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे वाक्य कलम ६(२) मध्ये आहे : अर्जदाराला माहिती का हवी, याचे कारण विचारता येणार नाही. वाड, राजवाडे, सरदेसाई यांच्यापैकी कोणाच्याही काळात कागद मागणाऱ्याला ‘तुम्ही कोण आणि कशासाठी?’ हा प्रश्न चुकला नव्हता. आता दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सांगवीचा एक निवृत्त स्टोअरकीपर कागद मागू शकतो.

कागदाची चाल

माझा पहिला अर्ज मात्र वाया गेला. त्यात मी विचारले होते, “मोबदला एकाच भावाला का देण्यात आला?” उत्तर आले, प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. राग आला, पण चूक माझी होती. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देणे माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो खटल्यात २००८ सालीच सांगितले होते. कायदा देतो ती कागदावर असलेली माहिती. इतिहासाच्या अभ्यासकाला हे खरे तर आधीच ठाऊक हवे. आपण कागदाला ‘का’ विचारत नाही. आपण कागद मागतो आणि ‘का’ स्वतःला विचारतो.

मग मी स्टोअरच्या पद्धतीने विचार केला. माल कारखान्यात आला तर चलन असते, ठेवला तर बिन कार्डावर नोंद असते, दिला तर इश्यू स्लिप असते. कागदही तसाच चालतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीन घेताना कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ ची नोटीस, संयुक्त मोजणी, कलम ११ चा निवाडा, कब्जेपावती आणि शेवटी मोबदल्याचे वाटपपत्रक अशी कागदांची ओळच तयार होते. ओळीचे टोक गावातच होते. गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही. तिच्यात निवाड्याचा क्रमांक आणि तारीख मिळाली. दुसऱ्या अर्जात मी प्रश्न एकही विचारला नाही. निवाडा, कब्जेपावती आणि वाटपपत्रक, एवढेच मागितले. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मला साठ पुरले.

तीस दिवसांची मुदत संपता संपता एका कार्यालयातून एका ओळीचे पत्र आले : “सदर अभिलेख आढळून येत नाही.”

हे वाक्य ज्याने वाचले नाही असा जुन्या कागदांचा शोधक महाराष्ट्रात विरळा. ते इतके गुळगुळीत झाले आहे की बहुतेक जण त्याला उत्तर समजून घरी जातात. पण कायद्यात माहिती नाकारण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच स्पष्ट केले : एकदा कार्यालयाकडे असलेली माहिती सापडत नसेल तर कसून शोध घ्या, चौकशी करा आणि जबाबदारी ठरवा. महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

इथे आपल्या जुन्या दप्तरपद्धतीचीच मदत होते. सरकारी कार्यालयात प्रत्येक फाईल निकाली निघाली की तिला वर्ग मिळतो. ‘अ’ म्हणजे कायम जतन, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे, ‘क’ वर्गाला दहा किंवा पाच वर्षे, ‘ड’ म्हणजे वर्षभराने नाश. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. त्यात रेकॉर्डला पाठवायच्या कागदांचा गठ्ठा वेगळा आणि नाश करायच्या कागदांचा वेगळा. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ही घडी नव्याने बसवली, तो ‘लखिना पॅटर्न’ जुन्या कारकुनांच्या अजून तोंडी आहे. म्हणजे कागद नष्ट झाला असेल तर त्याच्या नाशाचाही कागद असतो. मालाची मोड काढली तरी स्क्रॅप नोट राहते, तसेच.

पहिल्या अपिलात मी फाईलचा आग्रह धरला नाही. तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या : अभिलेख कक्षाची नोंदवही पाहायची आहे, नाश केलेल्या अभिलेखांच्या याद्या पाहायच्या आहेत, आणि फायली बाहेर दिल्याची नोंदवही पाहायची आहे. सुनावणी घेणारे अधिकारी सज्जन होते. म्हणाले, “काका, तुम्हाला फाईल हवी की वह्या?” मी म्हटले, “साहेब, वह्या मिळाल्या तर फाईल आपण दोघे मिळून शोधू.” त्यांनी पाहणीची तारीख दिली.

त्या दिवशी अभिलेख कक्षातल्या शिपाईमामांनी शिडी लावून एकेक गठ्ठा खाली दिला. लाल कापडाचे रुमाल, आत सुतळी, वर गावाच्या नावाची चिठ्ठी. पेशवे दप्तरातले रुमाल मी पाहिले होते, बांधणी तीच. नोंदवहीत निवाड्याची फाईल होती आणि तिचा वर्ग ‘अ’ होता. नाशयाद्यांत ती नव्हती, असायलाही नको होती. बाहेर दिल्याच्या वहीत ती सापडली : मोबदला वाढवून मागण्याच्या न्यायालयीन प्रकरणासाठी दुसऱ्या शाखेकडे दिलेली. ‘परत आल्याचा दिनांक’ हा रकाना कोरा. त्या शाखेच्या जुन्या गठ्ठ्यांत, शेजारच्या गावाच्या नावाखाली बांधलेली फाईल आणखी दोन महिन्यांनी मिळाली. कोणी लपवली नव्हती, कोणी जाळली नव्हती. एका माणसाने एक रकाना भरला नव्हता, आणि त्या पायी ती काही दशके नव्हतीच.

वीस वर्षांची खिडकी

फाईल मिळाल्यावर एक शेवटची हरकत आली : यात इतरांची नावे आणि रकमा आहेत, ही त्रयस्थांची वैयक्तिक माहिती. ही हरकत पुढच्या काळात वाढत जाणार आहे. वैयक्तिक माहिती देण्यास सूट देणारे कलम ८(१)(ञ) पूर्वी अटींनी बांधलेले होते. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे पाहावे लागे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातील कलम ४४(३) ने त्या अटी काढून ते कलम आखूड आणि रुंद केले आहे. जनहिताचा विचार करण्याचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हे पुन्हा अधिकाऱ्याच्या हाती. परवानगीचे दिवस मागल्या दाराने परत येऊ शकतात.

इतिहासासाठी मात्र एक खिडकी उघडी आहे आणि तिच्याकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. कलम ८(३) म्हणते, अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षे घडून गेलेल्या गोष्टीची माहिती दिलीच पाहिजे. अपवाद तीनच : देशाची सुरक्षा व सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार, आणि मंत्रिमंडळाचे कागद. वैयक्तिक माहितीचे कलम त्या तिघांत नाही. साठच्या दशकातला निवाडा आज मागणाऱ्याला हे एक कलम पुरते. मी ते अर्जात लिहिले आणि हरकत मागे घेतली गेली. गिरण्या, धरणे, वसाहती, पुनर्वसन, दंगलींचे अहवाल, शाळांच्या मान्यता असा आपल्या समाजाचा कितीतरी इतिहास या वीस वर्षांच्या पलीकडे पडून आहे.

या सगळ्यात माझे गेले ते वेळ आणि चपला. सगळ्यांचे एवढ्यावर भागत नाही. त्याच लोणावळा लोकलवर कामशेतच्या अलीकडे तळेगाव दाभाडे लागते. तिथले सतीश शेट्टी याच कायद्याने जमिनींचे व्यवहार उघडे करत होते. जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी संरक्षण मागितले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. जमिनीच्या जुन्या कागदाला आपल्या पट्ट्यात केवढी किंमत आहे, हे त्या सकाळने सांगितले. शेत विकले गेले, कारखाना आला, कारखाना हलला आणि तिथे सोसायटी उभी राहिली; पण कोणाचे होते आणि कोणाकडे कसे गेले, हे सांगणारा कागद जिवंत राहतो. म्हणूनच काहींना तो हवा असतो आणि काहींना नको.

दोन प्रती

नानांच्या फाईलची एकेचाळीस पाने झाली. पानाला दोन रुपये याप्रमाणे ब्याऐंशी रुपये भरले आणि प्रमाणित प्रती घेऊन पवनेचा पूल ओलांडून घरी आलो. मुळा आणि पवना यांच्या बेचक्यात वसलेल्या या जुन्या गावात पूर्वी घराघरांत एकमेकांची नाती ठाऊक असत. नानांच्या ओट्यावर बसून मी त्यांना वाटपपत्रक वाचून दाखवले.

रक्कम दोन भावांत निम्मी-निम्मी वाटली होती. आबांच्या नावापुढे सही होती आणि शेरा होता, ‘हरकत राखून स्वीकारली’. वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात गेले होते ते आबाच, आणि अर्ज केला होता तो दोघांच्या वतीने. नानांच्या वडिलांच्या नावापुढे निळा ठसा होता. शेजारी कारकुनाच्या अक्षरात लिहिले होते, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, आणि खाली रक्कम मिळाल्याची तारीख.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन त्या ठशावर बोट ठेवले. “हा आमच्या म्हाताऱ्याचा अंगठा?”

“हो नाना.”

“म्हणजे पैसे पोचले होते.”

ते पैसे पुढे कुठे गेले, ते फाईलमध्ये नाही. सरकारचा कागद अंगठ्यापाशी थांबतो. घरात गोष्ट कशी सुरू झाली असेल, याचा तर्क मी केला आहे, नानांनीही केला असणार. आम्ही त्यावर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. खिशातून घडी केलेली शंभराची नोट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “स्टोअरवाले, अजून एक अर्ज टाका. सगळ्या पानांची अजून एक प्रत काढायची. सरकारी शिक्क्याची. झेरॉक्स नको.”

मी विचारले, “कुणासाठी?”

“आबांच्या थोरल्याला द्यायचीय. मीच जाणार आहे घेऊन.”

अर्ज मी त्याच दुपारी लिहिला. कारण लिहायचे नसते, म्हणून लिहिले नाही.